हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल? देवळाचा फलक अडलाय

अंत्रुजकर
मंडळी, एक शंका आहे आणि येत्या रविवारच्या आत ती सुटली तर बरं.

आमच्या देवस्थानाच्या आवारात पर्यटकांसाठी नवा फलक बसवायचाय. काळा ग्रॅनाइट, कोरलेली अक्षरं, वर मराठी आणि खाली इंग्रजी. मराठी मजकुरावर कुणी काही बोललं नाही. इंग्रजीवर मात्र महाजनांची, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्यांची, बैठक रंगली. मी 'हिस्टॉरिकल टेम्पल' लिहून दिलं होतं. एका महाजनांचा मुलगा परदेशी बोटीवर आहे, तो म्हणाला 'हिस्टॉरिक' हवं. दुसरे म्हणाले दोन्ही एकच, उगाच फाटे फोडू नका. तिसऱ्यांनी मोबाइल काढला आणि त्यात दोन्ही निघालं. चहा दोनदा झाला, निर्णय झाला नाही.

माझं प्रामाणिक मत असं की फरक काही नाही. आपण 'ऐतिहासिक' म्हणतो आणि मोकळे होतो. इंग्रजांना एका शब्दाला दोन शेपट्या लावायची हौस, दुसरं काय! तरी जाणकारांनी सांगावं. दगडावर कोरायचंय, खोडरबर चालणार नाही.

निवृत्त_मास्तर
अंत्रुजकर, फरक आहे आणि चांगलाच आहे.

'हिस्टॉरिकल' म्हणजे इतिहासाशी संबंध असलेलं. बस, तेवढंच. त्यात कौतुक नाही की निंदा नाही. जुना दस्तऐवज, गावच्या जमिनीची नोंदवही, एखाद्या कुळाचा जुना तंटा, सगळं हिस्टॉरिकल. 'हिस्टॉरिक' म्हणजे इतिहासाने दखल घ्यावी इतक्या महत्त्वाचं. १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला तो, हा हिस्टॉरिक दिवस. त्या दिवसावर कुणी संशोधन करून लिहिलं तर ते लेखन हिस्टॉरिकल, भले ते कुणी वाचो न वाचो. हिस्टॉरिकल कादंबऱ्या वर्षाला ढिगाने येतात, हिस्टॉरिक एखादीच.

वर्गात मी मुलांना सांगायचो, हिस्टॉरिकल हे कपाटावरचं लेबल आणि हिस्टॉरिक हा वहीवरचा शेरा. लेबल कुणालाही लावता येतं.

खाजेंलाडू
म्हणजे माझ्या पुतण्याचे दहावीच्या इतिहासातले गुण हिस्टॉरिकल, आणि तो पास झाला हे हिस्टॉरिक.

आंबाडो
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पुतण्याला हा धागा दाखवू नका.

दोतोर_नव्हे
मास्तरांना अनुमोदन. अवांतर: त्याच्या आधी 'अ' लावायचं की 'ॲन'? आमच्या कॉलेजात एक प्राध्यापक 'ॲन हिस्टॉरिक' म्हणायचे आणि ह गिळायचे. आम्हाला वाटायचं त्यांना दम लागलाय.

निवृत्त_मास्तर
जुनी ब्रिटिश लकब आहे ती. पहिल्या अक्षरावर जोर नसल्यामुळे ह पुसट व्हायचा, म्हणून 'ॲन'. आज ह स्वच्छ म्हणत असाल तर 'अ' म्हणा.

काणकोणची_सुलू
मास्तरांचा फरक मला एका फटक्यात पटला, कारण आमच्या वाड्यावर दोन्ही एकाच रात्री घडलंय.

जत्रेला आमच्याकडे नाटक असतंच. त्या वर्षी ऐतिहासिक होतं. अफझलखानाचं काम आमच्या शेजाऱ्याकडे. एरवी सुतारकाम करतो, पण अंगाने दांडगा, म्हणून खान कायमचा त्याच्याच वाट्याला. रंगभूषावाला फोंड्याहून यायचा तो उशिरा पोचला, दाढी घाईघाईत चिकटवली. त्यात घाम. भेटीचा प्रवेश आला, खानाने महाराजांना मिठी मारली आणि दाढी महाराजांच्या अंगरख्यावरच्या जरीत अडकली. महाराज ठरल्याप्रमाणे दोन पावलं मागे सरले, तशी दाढीही त्यांच्याबरोबर गेली. खान उभा, हनुवटी तुळतुळीत. पेटीवाल्याने पेटी थांबवली. मंडपात टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता, आणि पहिल्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "दाढी काढली, आता कोथळा काढा!"

पडदा पाडावा लागला. कोथळा त्या रात्री काही निघालाच नाही.

तर नाटक हिस्टॉरिकल, प्रयोग हिस्टॉरिक.

खाजेंलाडू
सुलूबाय, दंडवत. मास्तर, पुढच्या पिढीला हेच उदाहरण द्या.

फेरीबोट
गंमत बाजूला ठेवून थोडा कायद्याचा कीस काढतो, पेशाच तो आहे.

प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८चा. त्यातल्या व्याख्येत स्मारक कशाला म्हणायचं, तर ज्याला 'हिस्टॉरिकल, आर्किऑलॉजिकल ऑर आर्टिस्टिक इंटरेस्ट' आहे आणि जे किमान १०० वर्षांपासून अस्तित्वात आहे. 'हिस्टॉरिक' नाही, 'हिस्टॉरिकल'. त्याच्या आधीच्या १९५१च्या कायद्याच्या तर नावातच 'एन्शंट अँड हिस्टॉरिकल मॉन्युमेंट्स' होतं. संसदेला चाललं ते अंत्रुजकरांच्या महाजनांना का चालू नये?

अंत्रुजकर
फेरीबोटबाब, देव बरें करूं! हे छापून बैठकीत नेतो.

निवृत्त_मास्तर
नेण्याआधी थांबा. १९५८च्या व्याख्येतलं 'हिस्टॉरिकल' स्मारकाला लागलेलं नाही, 'इंटरेस्ट'ला लागलंय. इतिहासाच्या दृष्टीने रस, पुरातत्त्वाच्या दृष्टीने रस, कलेच्या दृष्टीने रस. तिथे प्रकारच सांगायचाय, तेव्हा हिस्टॉरिकल चोख आहे. १९५१च्या नावाबद्दल मात्र तुमचा मुद्दा मान्य, तिथे ते थेट स्मारकांनाच लावलंय.

पण गावं-वास्तूंची थोरवी सांगताना जग काय वापरतं ते पाहा. युनेस्कोच्या यादीत मकाव २००५ साली गेलं ते 'हिस्टॉरिक सेंटर ऑफ मकाव' म्हणून. अहमदाबाद २०१७ साली, 'हिस्टॉरिक सिटी'. आणि आपलं जुनं गोवें? १९८६ साली गेलं ते नुसतं 'चर्चेस अँड कॉन्व्हेन्ट्स ऑफ गोवा'. विशेषण शून्य.

खातेवही
मास्तर, तुमचा आदर राखून सांगतो, हे सोवळं खुद्द इंग्रजसुद्धा पाळत नाहीत.

मी हिशेबनीस. मालमत्ता ज्या किमतीला घेतली त्याच किमतीला वहीत दाखवणं, याला आपण परीक्षेला 'हिस्टॉरिकल कॉस्ट' शिकलो. ब्रिटिश पुस्तकं सर्रास 'हिस्टॉरिक कॉस्ट' लिहितात. ऑफिसचं टेबल ज्या किमतीला घेतलं ती किंमत इतिहासात कोरावी इतकी थोर होती का? व्याकरणातही तेच. घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगतात, "महाराज पेटाऱ्यात बसतात आणि आग्र्याहून निसटतात", तो आपला ऐतिहासिक वर्तमानकाळ. इंग्रजीत त्याला 'हिस्टॉरिक प्रेझेंट'ही म्हणतात, 'हिस्टॉरिकल प्रेझेंट'ही. कुणाचं काही अडत नाही.

मुळात दोन्ही एकाच घरचे. ग्रीक 'हिस्टोरिया', म्हणजे चौकशी, शोध. मग लॅटिनमधून इंग्रजीत आल्यावर एकाच मुळाला दोन प्रत्यय लागले, आणि बराच काळ दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जात होते. वाटणी नंतरची. भावांनी घर वाटून घेतलं तरी न्हाणीघर सामाईकच राहतं.

निवृत्त_मास्तर
न्हाणीघर सामाईक आहे म्हणून कुणी दुसऱ्याच्या खोलीत जाऊन झोपत नाही.

तुमची दोन्ही उदाहरणं त्या त्या धंद्यातल्या परिभाषेची आहेत, ती तशीच घट्ट बसली. पण 'हिस्टॉरिकल विजय' असं लिहून पाहा, कुणीही चाणाक्ष संपादक कापेल. आणि 'हिस्टॉरिक पुरावा' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, असा पुरावा जगात पहिल्यांदाच सापडला.

खातेवही
हे मात्र पटलं. तरी फरक पाळणारे लोक असतात, भाषा नाही, एवढं माझं म्हणणं राखून ठेवतो.

लिसेंवकाराची_नात
खातेवहींच्या त्या एका घरात पोर्तुगीजही राहते की! तिथे एकच शब्द आहे, 'इश्तॉरिकु'. थोर दिवसालाही तोच, धूळ खात पडलेल्या कागदालाही तोच. म्हणजे मराठी शाळेतून आलेला आणि लिसेंवमधून, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेतून, आलेला, दोघेही या इंग्रजी जोडीपाशी सारखेच अडखळतात.

आमचे आजोबा पणजीच्या लिसेंवात शिकलेले, इंग्रजी फार उशिरा आणि पोर्तुगीजच्या काठीवर टेकून आलेलं. एकदा मुंबईला असताना त्यांना जबर सर्दी झाली. दवाखान्यात जाऊन ऐटीत सांगितलं, "डॉक्टर, आय ॲम कॉन्स्टिपेटेड." पोर्तुगीजमध्ये 'कोंश्तिपादु' म्हणजे सर्दी झालेला. डॉक्टरांनी इंग्रजी अर्थ घेतला, बद्धकोष्ठ, आणि जालीम रेचक दिलं. आजोबांनी विश्वासाने घेतलं. आजी सांगायची, सर्दी होती तशीच राहिली, पण शिंकायची त्यांची छाती होईना.

आंबाडो
शिंकायची छाती होईना! मी ऑफिसात वाचतोय हो, जरा सांभाळून लिहा.

फेरीबोट
आणि पोर्तुगालातल्या दारांवर 'पुश' लिहिलेलं असतं तेव्हा दार ओढायचं असतं, हेही सांगा. लिस्बनला गेलेला आमचा एक मित्र बँकेच्या दारावर खांदा लावून उभा होता.

लिसेंवकाराची_नात
हो, 'पुश' म्हणजे ओढा. ढकलायला 'एम्पुर्र'. मित्राचा खांदा बरा आहे ना?

कळंगुटचा_न्याहारीवाला
तुमच्या जोडीत निदान 'कल'ची शेपटी तरी आहे. आमच्या धंद्यातल्या जोडीचं तर देवनागरीत सोंगच एक. कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्ट आणि कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्ट. दिसला फरक? नाही ना. इंग्रजीत मधल्या एका अक्षराचा फरक, आय की ई. आय असेल तर आदराने दिलेलं, म्हणजे फुकट. ई असेल तर पूरक, उणीव भरून काढणारं. आमच्या गेस्ट हाउसच्या पाटीवर ई होता. पुण्याच्या एक बाई आल्या होत्या, त्यांनी जाताना लिपस्टिकने त्याचा आय केला आणि खाली लिहिलं, "इडली मात्र खरोखर पूरक होती, चटणीची." अजून कळलं नाही ती स्तुती होती की कसं.

खाजेंलाडू
चटणी कमी होती असा अर्थ. किंवा इडली. काहीतरी कमी होतं एवढं नक्की.

तानपुरा
आमच्या प्रांतातली जोडी राहिली. 'क्लासिक' आणि 'क्लासिकल'. कार्यक्रमपत्रिकेवर 'क्लासिक व्होकल' छापणारे महाभाग आपल्याकडे पैशाला पासरी. क्लासिकल म्हणजे शास्त्रीय, प्रकार झाला. क्लासिक म्हणजे आपल्या जातीतला अव्वल नमुना.

केरीच्या केसरबाई केरकर क्लासिकल गायिका. त्यांची भैरवीतली ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली, ती क्लासिक. आणि गोव्याच्या एका खेड्यात जन्मलेल्या बाईचा आवाज सूर्यमालेबाहेर जाणं, हे मास्तरांच्या भाषेत हिस्टॉरिक. आता त्या काळच्या तबकड्या जमवून कुणी गायकीतले बदल अभ्यासायला बसला तर त्याच तबकड्या त्याच्यासाठी हिस्टॉरिकल. वस्तू तीच, बघणाऱ्याचा हेतू बदलला की शब्द बदलतो.

इकॉनॉमिक-इकॉनॉमिकलचंही असंच. इकॉनॉमिक धोरण देशाचं, इकॉनॉमिकल संसार आमच्या आईचा.

पेडणेपार
हिस्टॉरिक दिवसच मोजायचे तर १६ जानेवारी १९६७ कुणीच कसा घेतला नाही? ओपिनियन पोल! आणि शब्दांचाच काथ्याकूट चाललाय तर हेही बघा, ते नाव आजच्या अर्थाने साफ दिशाभूल करणारं आहे. आज ओपिनियन पोल म्हणजे चॅनेलवाले हजार-दोन हजार लोकांना विचारून आकडे फेकतात ते. तेव्हा अख्ख्या प्रदेशाने मत दिलं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. ३४,०२१ मतांनी पानं जिंकली. ते खरं तर सार्वमतच होतं, नाव तेवढं पिचकं दिलं. माझ्या वडिलांनी फुलावर

फोंडे_जंक्शन
पेडणेपार, वाक्य अर्धवट राहिलं. आणि पानं जिंकली म्हणूनच ३० मे १९८७ला घटक राज्य झालं हे विसरू नका. आमचं घर पानवाल्यांचं.

पेडणेपार
अर्धवट नाही, मुद्दाम सोडलं. आता तुम्ही सुरुवात केलीच आहे तर

संपादक_मंडळ
फूल आणि पानं इथेच देठासकट ठेवावीत. त्यावर आपल्याकडे स्वतंत्र धागा आहे, ९०० प्रतिसादांवर बंद केलेला. इथे फलकाबद्दल बोला.

कुशस्थळीचा_पाहुणा
उशिरा आलो, सगळं वाचलं. अंत्रुजकरबाब, एक विचारू? हिस्टॉरिक नेमकं काय आहे तुमच्याकडे? इमारत की घटना?

विचारतो अशासाठी की अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, बऱ्याच देवांची गोष्ट सारखी आहे. सोळाव्या शतकात साष्टी-बार्देशात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपार आणले. मंगेश १५६०च्या सुमारास कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. तेव्हा फोंडा विजापूरकरांच्या ताब्यात, पोर्तुगीजांकडे आला तो पार अठराव्या शतकात. म्हणून तर देव इथे वाचले. रातोरात मूर्ती होडीत घालून पलीकडे नेणं, हे हिस्टॉरिक, त्यात दोन मतं नाहीत. पण आज समोर दिसणारी देवळं नंतरची, आणि पुष्कळांचे सभामंडप तर आपल्या डोळ्यांदेखत नवे झाले.

पर्यटक फलक वाचतो आणि मग वर बघतो. वर त्याला काय दिसतं?

अंत्रुजकर
खरं सांगू? नवी ग्रॅनाइटची फरशी, स्टीलचे कठडे, आणि पंख्यांवर देणगीदारांची नावं. दीपमाळ जुनी आहे. तळीही जुनी. देव तेव्हाच्या साष्टीतून आला हे आमच्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, दरवर्षी मूळ जागेला नारळ जातो.

कुशस्थळीचा_पाहुणा
मग तेच लिहा की. देव कुठल्या गावाहून आला, साधारण कधी, का आला. 'हिस्टॉरिक' म्हणा नाही तर 'हिस्टॉरिकल', त्यातून परक्या माणसाला काही कळत नाही. गोव्यात दर दुसऱ्या पाटीवर तो शब्द आहे, बारच्यासुद्धा. देव होडीतून आला म्हटलं की माणूस थांबून वाचेल.

निवृत्त_मास्तर
मी माझा शेरा मागे घेत नाही, पण हा सल्ला माझ्या सल्ल्यापेक्षा सरस आहे.

खातेवही
विशेषणाचा खर्च वाचला, तोही हिस्टॉरिकल कॉस्टला.

अंत्रुजकर
तेवढं सोपं नाही हो. आत्ताच खजिनदारांशी फोनवर बोललो. कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो. खजिनदार आधीपासूनच 'हिस्टॉरिक'च्या बाजूने होते, मला वाटायचं इंग्रजी चांगलं म्हणून. आता कळलं, त्यांनी फक्त दोन अक्षरं मोजली होती. देवाची सगळी हकिगत कोरायची म्हटल्यावर ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "होडी नको लिहूया, नुसतं 'आला' लिहू."

काणकोणची_सुलू
होडी पाहिजेच! होडीचे पैसे मी देते. पंख्यावर नाव घालू नका फक्त.

फेरीबोट
फेरीबोटीतर्फेही दोन अक्षरं.

अंत्रुजकर
सामकें बरें. रात्री बसून नवा मजकूर केला, घरी दाखवला, तो इथे टाकतो. इंग्रजीत आता पहिली ओळ 'द डीटी वॉज ब्रॉट हिअर बाय बोट' अशी, पुढे मूळ गावाचं नाव आणि 'सिक्स्टीन्थ सेंच्युरी'. मूर्ती पोर्तुगीजांपासून वाचवायला आणली हे एका वाक्यात. विशेषण नाही. मराठी मजकूर बैठकीत मंजूर झाला तसाच ठेवलाय, तो असा:

"हे ऐतिहासीक देवस्थान अंत्रुज महालातील एक जागृत स्थान असून भाविकांनी पादत्राणे बाहेर काढावीत."

इंग्रजीत काही चुकत असेल तर आजच सांगा, उद्या कोरायला जातंय.

निवृत्त_मास्तर
इंग्रजी ठीक. मराठीत 'ऐतिहासीक'?

तानपुरा
मीही तिथेच अडकलो. सि ऱ्हस्व हवा. ऐतिहासिक.

फोंडे_जंक्शन
कोकणीत दीर्घ असतो. चालेल की.

निवृत्त_मास्तर
कोकणीत 'इतिहासीक'. सी दीर्घ, पण सुरुवात 'इ'ने. मराठीत 'ऐतिहासिक'. तुमच्या मंजूर मजकुरात तोंड मराठीचं आणि शेपूट कोकणीचं आहे. हा शब्द दोन्ही भाषांत नाही. आणि स्थान जागृत असल्यामुळे पादत्राणे बाहेर काढायची, असा त्या 'असून'चा अर्थ होतोय, तोही बघा.

अंत्रुजकर
अरे देवा. सतरा महाजनांनी सही केलीय त्या कागदावर.

पेडणेपार
मी आधीच म्हणत होतो, कोकणी की मराठी हा राजभाषेचा प्रश्न जर १९८७ सालीच नीट

संपादक_मंडळ
पेडणेपार, नको. त्याचाही धागा आहे.

खाजेंलाडू
तोही बंद केलेला. अंत्रुजकरबाब, कोरणाऱ्याला फोन करा आधी, तो सकाळी लवकर सुरू करतो.